सोनोमाचा कडेकपारींचा किनारा आणि द्राक्षमळे: एकाच सहलीत दोन्ही कसे बसवावेत?

मृण्मयी_स

नमस्कार मंडळी,

आम्ही सॅन होजेला राहतो आणि माझे आई-बाबा ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या अखेरपर्यंत आमच्याकडे मुक्कामाला आहेत. बाबांची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे, त्यामुळे कॅलिफोर्नियापर्यंत येऊन इथले मळे न पाहता परत जाणे त्यांना मान्य नाही. आईला मळ्यांत काडीचाही रस नाही; तिला समुद्र पाहायचा आहे, आणि तोही गजबजलेल्या चौपाटीचा नव्हे, तर उंच कडे, खडकांवर फुटणाऱ्या लाटा आणि मोकळा वारा असलेला. दोघांचेही मन राखायचे म्हणून माझ्या नवऱ्याने असा बेत केला आहे की शनिवारी नापाचे मळे पाहावेत, रविवारी सोनोमाच्या किनाऱ्यावरचे बोडेगा बे गाठावे, आणि वेळ उरलाच तर तसेच किनाऱ्यालगतच्या हायवे १ ने उत्तरेला मेंडोसिनोपर्यंत जाऊन रात्री घरी परतावे.

मला हा बेत जरा अवघड वाटतो. आईला घाटात गाडी लागते आणि तिचे गुडघेही दुखतात. आमच्यापैकी वाइन घेणारा नवरा एकटाच, आणि गाडीही तोच चालवणार. किनारा आणि मळे यांचा मेळ नेमका कुठे आणि कोणत्या महिन्यात चांगला बसतो, हे त्या भागात फिरलेल्यांनी सांगितले तर फार उपकार होतील. नापा वगळले तर बाबांचे काही मोठे नुकसान होईल का, हेही कृपया लिहावे.

दर्यावर्दी

नापा खुशाल वगळावे, असे माझे स्पष्ट मत आहे. नापाचे खोरे किनाऱ्यापासून दोन डोंगररांगा आत आहे. तिथून बोडेगा बेला यायला सव्वा-दीड तास लागतो आणि शनिवारी दुपारी त्याहून अधिक. शिवाय बोडेगा बे ते मेंडोसिनो हे अंतर नकाशावर शंभर मैलांच्या आसपास दिसले, तरी हायवे १ वर त्याला न थांबता तीन तास लागतात, आणि न थांबता जायचे असेल तर त्या रस्त्याने जाण्याला अर्थच उरत नाही. त्यानंतर सॅन होजेपर्यंत परत येणे म्हणजे गाडी लागणाऱ्या माणसाला शिक्षाच आहे.

त्याऐवजी सोनोमातले रशियन नदीचे खोरे धरावे. सॅन फ्रान्सिस्कोहून गोल्डन गेट पूल ओलांडून १०१ या महामार्गाने पेटालुमा, तिथून सेबास्टोपोल, आणि पुढे ११६ या रस्त्याने फॉरेस्टव्हिल, गर्नव्हिल करत नदीच्या काठाकाठाने थेट जेनरला समुद्रावर उतरता येते. या एकाच रस्त्यावर आधी सफरचंदाच्या बागा आणि द्राक्षमळे, मग रेडवूड या उंच सदाहरित वृक्षांची दाट सावली आणि शेवटी नदीचे मुख असा क्रम लागतो. रस्ता वळणाचा आहे, परंतु दरीच्या कडेने जाणारा नाही, आणि चढ-उतार सौम्य आहेत. गर्नव्हिलच्या उत्तरेला दोन-अडीच मैलांवर आर्मस्ट्राँग रेडवूड्सचे राखीव वन आहे. तिथल्या मुख्य पायवाटा सपाट आहेत, त्यामुळे आईंच्या गुडघ्यांना त्रास होणार नाही. तिथला सर्वांत उंच वृक्ष ३१० फुटांहून अधिक उंच आहे, आणि सर्वांत जुन्या वृक्षाचे वय चौदाशे वर्षांच्या वर मानले जाते.

आता महिन्याविषयी. जून ते ऑगस्ट हा या किनाऱ्याचा धुक्याचा काळ आहे. उन्हाळ्यात वायव्येचे वारे किनाऱ्यालगत वाहतात, वरचे पाणी लोटले जाते आणि खोलातले गार पाणी वर येते; त्या गार पाण्यावरून येणाऱ्या दमट हवेचे धुके होते. आतल्या प्रदेशात हवा तापून वर चढली, की हे धुके नदीच्या खोऱ्यातून आणि पेटालुमाच्या खिंडीतून आत ओढले जाते. ऑगस्टमध्ये आत सांता रोझाला तुम्हाला घाम फुटलेला असेल आणि तासाभराने बोडेगा बेला स्वेटर घालूनही हुडहुडी भरेल. सप्टेंबरच्या मध्यापासून वारे मंदावतात, धुके विरळ होते आणि किनाऱ्यावर वर्षातले सर्वांत स्वच्छ, उबदार दिवस मिळू लागतात. कामगार दिनाची सुट्टी, म्हणजे सप्टेंबरचा पहिला सोमवार जोडून येणारे शनिवार-रविवार, तेवढे टाळावे.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. सप्टेंबर-ऑक्टोबर हाच या भागात वणव्यांचाही काळ असतो. ऑक्टोबर २०१७ मध्ये सांता रोझाची काही वस्ती जळाली, २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये किनकेडचा वणवा लागला आणि ऑगस्ट २०२० मधला वॉलब्रिज वणवा तर आर्मस्ट्राँगच्या वनातच शिरला होता. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी हवेची प्रत पाहावी, आणि मुक्कामाचे आरक्षण रद्द करता येईल असेच घ्यावे.

बागाईत

मृण्मयीताई, तुमच्या वडिलांसाठी नापापेक्षा किनाऱ्याजवळचे मळे अधिक कुतूहलाचे ठरतील, हे मी एका बागायतदाराच्याच घरातला माणूस म्हणून सांगतो.

वरती धुक्याची जी गोष्ट आली आहे, तीच इथल्या द्राक्षाची गोष्ट आहे. नापा उष्ण, म्हणून तिथे उशिरा पिकणारे कॅबर्ने सोव्हिन्यों. रशियन नदीच्या खोऱ्यात रोज संध्याकाळी गारठा शिरतो, म्हणून इथे पिनो नोआर आणि शार्डोने या जाती. घड हळूहळू पिकतो आणि साखर चढत असताना आंबटपणा टिकून राहतो. सेबास्टोपोलच्या आसपासची माती गोल्डरिज या नावाने ओळखली जाते. एकेकाळच्या समुद्रतळातून झालेल्या वालुकाश्माची ही बारीक, भुसभुशीत माती पाणी धरून ठेवत नाही. वडिलांनी ती मुठीत घेऊन पाहिली, की त्यांना दुसऱ्या कोणी काही समजावून सांगावे लागणार नाही.

त्यांच्या नजरेत सर्वांत आधी भरेल ती छाटणी. आपल्याकडे वेल थंडीने झोपत नाही, त्यामुळे एप्रिलची खरड छाटणी (नव्या काड्यांसाठी) आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी (फळासाठी) अशा दोन छाटण्या घ्याव्या लागतात आणि माल जानेवारीपासून उतरतो. इथे हिवाळ्यात पानगळ होऊन वेल स्वतःच विश्रांती घेतो, त्यामुळे वर्षाला छाटणी एकच, तीही हिवाळ्यात, आणि तोडणी ऑगस्टच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरपर्यंत. दुसरी गोष्ट मण्याची. खाण्याच्या द्राक्षाचा टपोरा, लांबट मणी पाहण्याची सवय असलेल्या माणसाला पिनो नोआरचा घड पाहून हसू येईल. तो मूठभर आकाराचा, गच्च दाटलेला आणि मणी वाटाण्याएवढे असतात. घडातले मणी कमी करण्याचा, म्हणजे विरळणीचा प्रकार तर दिसणारच नाही. आपण टेबल द्राक्ष साधारण १८ ब्रिक्सच्या (रसातल्या साखरेचे माप) आसपास उतरवतो. इथे फेसाळ वाइनसाठीचा माल १८ ते २० ला तोडतात, पण साध्या वाइनचा पिनो २३-२४ पर्यंत थांबवतात.

रोगांबद्दल ते विचारतीलच. उन्हाळ्यात इथे पाऊस जवळजवळ नसतो, त्यामुळे डावणी या बुरशीरोगाची धास्ती नाही. भुरी ही पांढरी बुरशी मात्र इथलीही डोकेदुखी आहे, विशेषतः धुक्याच्या पट्ट्यात, आणि तिच्यासाठी गंधकच वापरतात. खुंटावर, म्हणजे दुसऱ्या जातीच्या मुळांवर, कलम करण्याची पद्धतही दोन्हीकडे आहे, परंतु कारण निराळे: आपण डॉगरिज हा खुंट घेतो तो क्षारांसाठी आणि पाण्याच्या ताणासाठी, तर कॅलिफोर्नियाने खुंट घेतले ते मुळांवरच्या फायलोक्सेरा किडीमुळे.

शक्य असेल तर जेनरच्या उत्तरेचा फोर्ट रॉस-सीव्ह्यू हा भाग वडिलांना दाखवावा. २०१२ पासून त्याला स्वतंत्र द्राक्षक्षेत्राची मान्यता आहे. तिथले मळे समुद्रापासून काही मैलांवरच, पण ९२० फुटांच्या वर, डोंगरमाथ्यावर आहेत. खाली किनारा धुक्यात बुडालेला असताना वर लख्ख ऊन असते, आणि समुद्राच्या इतक्या जवळ द्राक्ष पिकते ते त्यामुळेच. २०२२ मध्ये या सगळ्या किनारपट्टीला वेस्ट सोनोमा कोस्ट असेही वेगळे क्षेत्र मिळाले.

मळ्यात शिरण्याबाबत एक विनंती करतो. लहान वायनऱ्यांना आधी कळवून वेळ घ्यावी लागते. तेव्हाच सांगावे की सोबत द्राक्ष बागायतदार आहेत, चौघांपैकी एकच जण वाइन चाखणार आहे, आणि बाकीच्यांना मळा पाहायचा आहे. बाकीच्यांचे शुल्क घेणार का, हेही तेव्हाच विचारून घ्यावे. तोडणीच्या दिवसांत सगळे कामात असतात, परंतु शेतकरी आला आहे म्हटल्यावर स्वतः मळ्याचा माणूस बाहेर येऊन बोलू लागतो, असा माझा अनुभव आहे. कीड एका मळ्यातून दुसऱ्यात जाऊ नये म्हणून न विचारता ओळींत शिरू नये. आणि वडिलांना कितीही मोह झाला, तरी वेलाची एकही काडी बॅगेतून भारतात नेऊ नये. आयात परवाना आणि वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र यांशिवाय ती विमानतळावरच जप्त होईल.

पाऊलवाट

मळ्यांविषयी पुरेसे लिहून झाले आहे, म्हणून मी समुद्राविषयी लिहितो, कारण या किनाऱ्यावर दर वर्षी येणाऱ्या पाहुण्यांना तो ओळखता येत नाही.

हा पोहण्याचा समुद्र नाही. पाणी बाराही महिने १० ते १४ अंश सेल्सियसच्या आसपास असते आणि वाळू पाण्याखाली एकदम खोल उतरते. दहा-पंधरा मिनिटे लाटा शांतपणे वाळूवर येत राहतात आणि मग कसलीही चाहूल न देता एखादी लाट पाचपट आत येते, उभ्या माणसाचे पाय काढून घेते आणि मागे ओढते. गोट रॉक आणि राइट्स बीच येथे याविषयीचे फलक लावलेले आहेत. समुद्राकडे पाठ करून छायाचित्र काढू नये, ओल्या वाळूवर आणि ओल्या खडकांवर जाऊ नये, आणि लहान मूल सोबत असेल तर त्याचा हात सोडू नये. कड्यांचेही तसेच आहे. वरून गवत हिरवेगार दिसते, पण खाली माती कोरली गेलेली असते, त्यामुळे कुंपण किंवा फलक जिथे आहे, तिथेच थांबावे.

एवढे पाळले, तर आईंना हवा तो समुद्र वाळूवर न उतरताही पाहता येतो, आणि गुडघ्यांसाठीही तेच बरे. बोडेगा हेड या भूशिरावर गाडी थेट वरपर्यंत जाते आणि गाडीतून उतरताच समोर कडा आणि खाली फेस दिसतो. वर जाताना उजव्या हाताला एक छोटे तळे लागते, तिथे गाडी हळू करावी. पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक या वीज कंपनीने तिथे अणुवीज केंद्रासाठी खोदलेला तो खड्डा आहे. स्थानिक लोकांनी विरोध केला, सॅन अँड्रियास भ्रंशरेषा (भूकवचातली मोठी भेग) बोडेगा हेडच्या अगदी पायथ्याशीच जाते हे पुढे आले, आणि १९६४ मध्ये प्रकल्प सोडून द्यावा लागला. खड्ड्यात पाणी साचून तळे झाले. त्या भ्रंशरेषेमुळेच बोडेगा हेडचा ग्रॅनाइट पॅसिफिक भूपट्टावर आणि समोरचे डोंगर उत्तर अमेरिकेच्या भूपट्टावर, अशी स्थिती आहे. १९०६ च्या भूकंपात सॅन फ्रान्सिस्को हादरले, ते याच रेषेमुळे.

दुसरी जागा म्हणजे कोर्टम पायवाट. शेल बीचच्या वाहनतळापासून ती कड्याच्या माथ्यावरून, गवताळ पठारावरून जाते. आईंना जेवढे झेपेल तेवढे चालून परत फिरता येते. वाटेत मोठाले खडक उभे आहेत, त्यांच्या काही कडा माणसाच्या डोक्याच्याही वर गुळगुळीत झालेल्या आहेत. हिमयुगातले मॅमथ अंग घासून घासून त्या गुळगुळीत करत असावेत, असा तर्क उद्यान खात्याच्या एका पुरातत्त्वज्ञाने मांडला आहे. तर्क खरा असो वा नसो, हात फिरवून पाहण्यासारखे ते आहेत खरे.

जेनरला नदीच्या मुखाशी वाळूच्या पट्टीवर सील पहुडलेले असतात. हायवेच्या वरच्या बाजूने दुर्बिणीतून ते उत्तम दिसतात; खाली गेलात, तर किमान ५० यार्ड अंतर ठेवावे. देवमाशांची अपेक्षा मात्र सप्टेंबरमध्ये ठेवू नये. करडे देवमासे इथून दिसतात ते हिवाळ्यात आणि वसंतात.

उत्तरायण

वरच्या मंडळींशी मी बव्हंशी सहमत आहे, परंतु मेंडोसिनो इतक्या सहज निकालात काढलेले पटले नाही. दोन मुक्काम करता येणार असतील, तर मी सोनोमा सोडून सरळ मेंडोसिनोच सुचवीन. क्लोव्हरडेलहून १२८ या रस्त्याने अँडरसन खोऱ्यात शिरले, की बूनव्हिल, फायलो, नवारो अशी लहान गावे आणि रस्त्यालगतचे मळे लागतात. गर्दी सोनोमाच्या मानाने कमी आहे आणि चाखण्याच्या खोल्यांत निवांतपणे बोलता येते. खोऱ्याचे तोंड वायव्येला समुद्राकडे उघडे असल्यामुळे इथेही पिनो नोआर आणि फेसाळ वाइनच होते. मळे संपतात तिथे रेडवूड सुरू होतात, आणि नवारो नदीच्या काठची ती अकरा मैलांची सावली संपता संपता समुद्र समोर येतो.

मेंडोसिनो गावाच्या तिन्ही बाजूंनी सपाट भूशिर आहे. हॉटेलातून बाहेर पडून पाच-दहा मिनिटांत, एकही पायरी न चढता, कड्यापाशी जाता येते; कड्याच्या पोटात लाटांनी कोरलेल्या गुहा आणि कमानी आहेत. दक्षिणेला पॉइंट अरीना येथे ११५ फुटी दीपगृह आहे. १८७० सालचे मूळ दीपगृह १९०६ च्या भूकंपात निकामी झाले आणि १९०८ मध्ये पोलाद घातलेल्या काँक्रीटचे नवे उभे राहिले. वर चढायला १४५ पायऱ्या आहेत, तेव्हा आईंनी खालीच बसावे. खालूनही देखावा कमी नाही.

गाडी लागण्याच्या दृष्टीने मात्र प्रामाणिकपणे सांगतो की क्लोव्हरडेल ते बूनव्हिल हा पट्टा ११६ पेक्षा बराच नागमोडी आहे. हिवाळ्यात पाऊस झाला, की नवारो नदी १२८ वर येते आणि रस्ता बंद होतो, परंतु तुमच्या दिवसांत तो प्रश्न येणार नाही.

मृण्मयी_स

सर्वांचे मनापासून आभार. बाबांना बागाईत यांचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. भुरी इथेही आहे हे ऐकून त्यांना विलक्षण समाधान झाले. मेंडोसिनोचे वर्णन वाचून आईचे मन वळू लागले आहे, परंतु नवऱ्याला सुट्टी मिळणार नाही, त्यामुळे एकच मुक्काम शक्य आहे. आम्ही सप्टेंबरचा तिसरा शनिवार-रविवार धरत आहोत. जेनरच्या पुढे फोर्ट रॉसपर्यंत आईला न्यावे की नाही, आणि जेवणाखाण्याचे काय, एवढे दोन प्रश्न राहिले आहेत. आई-बाबा शाकाहारी आहेत.

दर्यावर्दी

फोर्ट रॉसला जावे, परंतु रविवारी सकाळी. जेनरपासून ते बारा मैलांच्या आत आहे. त्यातली मधली काही मैल चढणीची, वळणावळणांची आणि एका बाजूला थेट समुद्रात उतरणारी आहेत. जाताना उत्तरेकडे तोंड असल्यामुळे तुमची गाडी डोंगराच्या बाजूने चालते, म्हणून कड्याची धास्ती वाटत नाही. परतताना गाडी समुद्राच्या बाजूने येते, तेव्हा थांबण्याच्या जागा रस्ता न ओलांडता मिळतात. छायाचित्रे त्या वेळी काढावीत. आईंना पुढच्या आसनावर बसवावे, न्याहारी हलकी ठेवावी, आणि गाडी लागण्याची गोळी त्यांना चालत असेल तर ती निघण्यापूर्वी तासभर आधी द्यावी. मागे पाच किंवा अधिक गाड्या साचल्या, तर बाजूच्या जागेत शिरून त्यांना पुढे जाऊ देणे कॅलिफोर्नियात कायद्यानेच बंधनकारक आहे, त्यामुळे हळू चालवण्यात संकोच बाळगू नये.

फोर्ट रॉस पाहण्यासारखेच आहे. रशियन-अमेरिकन कंपनीने १८१२ मध्ये काशाया पोमो या मूलनिवासी लोकांच्या भूमीवर ही लाकडी तटबंदीची वसाहत उभारली आणि १८४१ मध्ये ती जॉन सटरला विकून रशियन निघून गेले. आत आज दिसतात त्या वास्तूंपैकी वसाहतीचे शेवटचे व्यवस्थापक रोचेव्ह यांचे घर तेवढे मूळचे आहे. छोटे प्रार्थनामंदिर भूकंपाने आणि पुढे आगीने पडले, ते पुन्हा बांधलेले आहे. तुमच्या वडिलांसाठी विशेष म्हणजे, १८१७ मध्ये पेरूहून आणलेल्या द्राक्षाच्या काड्या रशियनांनी इथे लावल्या असे सांगितले जाते, आणि सोनोमातली ती पहिली लागवड मानली जाते. वाहनतळापासून तटबंदीपर्यंतचा रस्ता चांगला आहे, मात्र थोडा उतार आहे, तेवढे आईंना आधी सांगून ठेवावे.

नवऱ्याने वाइन चाखायची असेल, तर ती शनिवारी दुपारच्या जेवणाआधी, एकाच ठिकाणी, आणि घोट तोंडात फिरवून बादलीत टाकण्याच्या पद्धतीने. तसे करण्यात इथे कोणालाही वावगे वाटत नाही. रक्तातल्या मद्याची कायदेशीर मर्यादा ०.०८ टक्के असली, तरी त्या रस्त्यावर मर्यादेच्या जवळपासही जाऊ नये. घेतलेली बाटली उघडलेली असेल, तर ती डिकीतच ठेवावी.

जेवणाचे म्हणाल, तर बोडेगा बे हे मासेमारीचे बंदर आहे. तिथे खेकडा, कालवे आणि माशांचे सूप यांचाच बोलबाला आहे आणि शाकाहारी माणसाच्या वाट्याला बहुधा चीज सँडविच आणि बटाट्याच्या फोडी येतात. शनिवारी सेबास्टोपोलला पोटभर जेवावे, तिथेच फळे, पाव, दही असे सामान घ्यावे आणि दशम्या-चटणी घरूनच बांधून आणावी. पेट्रोलही सेबास्टोपोल किंवा गर्नव्हिललाच भरावे. जेनरच्या पुढे मोबाइलला रेंज जवळपास मिळत नाही, म्हणून नकाशा आणि मुक्कामाचा पत्ता आधीच फोनमध्ये उतरवून ठेवावा. खोली जेनरला मिळाली तर उत्तम, पण तिथे हॉटेले मोजकीच आहेत. न मिळाल्यास बोडेगा बेला घ्यावी आणि रविवारी पहाटेच निघावे.